आधी येऊन गेलेली

१

घरात तिला सगळे घाई म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त बँकेच्या कागदांवर उरलं होतं. महिने भरायच्या आधीच जन्मली म्हणून आत्यानं हे नाव ठेवलं. “हिला जन्माला यायलासुद्धा दम निघाला नाही,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पुढे घाईनंही नाव राखलं. शेवटचा घास तोंडात असतानाच तिचा हात नळाखाली गेलेला असे. कुणी काही सांगायला लागलं की “बरं, मग?” करत ती समोरच्याला शेवटाकडे ढकलत न्यायची.

धंदाही स्वभावाला साजेसा मिळाला. बाजारातल्या एका इमारतीत तळमजल्यावर तिचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, परवाने, ऑफिसची ओळखपत्रं. मागे पांढरा पडदा, समोर गोल फिरणारं स्टूल, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे. “हनुवटी खाली. खांदे सरळ. हसू नका. झालं. पुढचे.” स्टूल गरम व्हायच्या आत माणूस बाहेर.

मग काकू गेली, आणि भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून सगळ्यांनी घाईकडे पाहिलं. घरातच फोटोग्राफर, म्हणजे ढीगभर फोटो असणार. निघाला एकच. घाईनंच काढलेला, परदेशी जायच्या कागदांसाठीचा. आयुष्यभर जिचं तोंड मिटलं नाही ती काकू त्यात ओठ घट्ट आवळून, चोरी करताना पकडल्यासारखी बघत होती. तोच मोठा करून लागला. त्या खोलीत बसणं घाईला अवघड होऊन बसलं.

तेव्हा तिनं ठरवलं. तिघी उरल्या होत्या. आत्या, मोठी मावशी आणि आई. तिघींचे नीट फोटो काढायचे. त्यांच्या घरी, त्यांच्या खुर्चीत, खिडकीच्या उजेडात. त्यांना बोलतं करायचं, आणि बोलता बोलता टिपायचं. तिघींच्या पोटात काय काय आहे ते तिला कधी कळलंच नव्हतं. मावशी आणि आई सख्ख्या बहिणी, पण घाईला समजायला लागल्यापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, ते कुणी सांगत नसे. आईला विचारलं की आई म्हणायची, “काही नाही,” आणि टेबल पुसायला घ्यायची.

२

आत्यापासून सुरुवात केली, कारण आत्या सगळ्यांत सोपी. निवृत्त नर्स, एकटी राहणारी, बोलायला माणूस मिळालं की दिवाळखोराला खजिना मिळाल्यासारखं करणारी.

आत्यानं दार उघडलं आणि घाईच्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

“परत?”

“परत काय? तुझे फोटो काढायचेत. म्हटलं होतं ना तुला फोनवर.”

“काढलेस की परवा.”

“परवा मी लग्नाच्या ऑर्डरवर होते, आत्या.”

“बरं, होतीस,” आत्या म्हणाली. हट्टी पेशंटला म्हणायचं ते तसलं ‘बरं’ होतं. घाईच्या डोक्यात तिडीक गेली. पण आज चिडायचं नाही असं ठरवून आलेली असल्यानं तिनं चप्पल काढली आणि आत गेली.

बाहेरच्या खोलीत आत्याची मोठी लाकडी खुर्ची कायम टीव्हीसमोर असायची. आज ती गॅलरीच्या दाराजवळ होती, थोडी तिरकी, अशी की उजेड गालाच्या एका बाजूनं यावा आणि दुसरीकडे हळूच विरावा. घाईनं स्वतः ती तिथंच ठेवली असती. अगदी तिथंच, तेवढीच तिरकी.

“ही खुर्ची कुणी हलवली?”

“तू.”

“आत्या!”

“मग काय मी हलवली? माझे गुडघे बघ आणि ती खुर्ची बघ.”

खाली गालिच्यावर तीन खड्डे पडले होते. ट्रायपॉडच्या पायांचे पडतात तसे. घाईनं आपला ट्रायपॉड उघडला आणि का कोण जाणे, मुद्दाम थोडा बाजूला लावला.

आत्या बसली. कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

“बोल की काहीतरी. दवाखान्यातलं सांग. दिवे गेले होते आणि तू टॉर्च तोंडात धरून बाळंतपण केलंस, ते.”

“सांगून झालं सगळं.” आत्या कंटाळून म्हणाली. “तेव्हा किती छान बसली होतीस. मी बोलत होते आणि तू मधे एकदाही ‘मग?’ म्हणाली नाहीस. म्हटलं, सुधारली पोरगी. आज परत मागच्या पानावरून पुढे.”

घाईनं हात टेकले. पंधरा-वीस फोटो काढले आणि चहाही न घेता निघाली. स्टुडिओत येऊन पडद्यावर पाहिले तर प्रकाश चांगला होता, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि खुर्चीत एक म्हातारी बाई होती. कुणीही असती. ओळखपत्राला चालली असती.

३

माणसाला कारण लागतं, आणि घाईला ते लगेच लागतं. आत्याचं वय झालं, हे एक. झोपेच्या गोळ्या घेते, हे दुसरं. धुणं-भांडी करणाऱ्या बाईनं केर काढताना खुर्ची सरकवली आणि गालिच्यावरचे खड्डे कुठल्यातरी टेबलाचे, हे तिसरं. तीन कारणं झाल्यावर तिला बरं वाटलं. एकच असतं तर खरं बरं वाटलं असतं, हे तिच्या लक्षात आलं, पण तिनं ते बाजूला सारलं.

मावशीला तिनं आधी फोन केला.

“ये ना,” मावशी म्हणाली. “पण आता आणखी काय राहिलंय?”

घाई फोन धरून उभीच राहिली. आत्या बाबांकडची, मावशी आईकडची. दोघींचं कधी जमलं नव्हतं. एकमेकींचा नंबरसुद्धा त्यांच्याकडे नव्हता. म्हणजे दोघींनी मिळून आपली फिरकी घ्यायची ठरवली, हे चौथं कारण जन्मतःच मेलं.

मावशीनं आयुष्यभर शिवणाचा क्लास चालवला होता. खोलीच्या मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला शिलाई मशीन, कोपऱ्यात डोकं नसलेला कापडी पुतळा. टेबल भिंतीला सरकवून खिडकीपाशी जागा केली होती. तिथं मावशीची खुर्ची होती आणि खुर्चीसमोर एक बुटकं स्टूल. इतकं जवळ की बसणाऱ्याचे गुडघे मावशीच्या गुडघ्यांना टेकावेत. तेवढ्या जवळून कुणी फोटो काढत नाही. चेहरा वेडावाकडा येतो.

“इथं कोण बसलं होतं?” घाईनं विचारलं. आपला आवाज पोलिसासारखा येतोय हे तिला कळत होतं.

“तू बसली होतीस, आणि कोण? माझे दोन्ही हात हातात घेऊन.” मावशी हसली. “मी म्हटलं, अगं, कॅमेरा कोण धरणार? तर म्हणालीस, त्याची काळजी करू नकोस, तू सांग.”

“आणि तू काय सांगितलंस?”

मावशीचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागून कुणीतरी निघून गेल्यासारखं झालं. “ते... सांगितलं ना तुला.”

“मला नाही सांगितलंस!”

“ओरडतेस कशाला?”

घाईनं श्वास घेतला. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, कारण त्यामागं तिला नेहमी धीर यायचा. मावशीला हमखास खुलवणारी एक गोष्ट होती. मावशीनं तरुणपणी एका बँक मॅनेजरला कोट शिवला होता. दोन्ही बाह्या डाव्या. तो भला माणूस काही न बोलता वर्षभर तो कोट घालून बँकेत जात राहिला, एक हात खिशात ठेवून. ही गोष्ट मावशीनं घरात इतक्यांदा सांगितली होती की तिनं “एकदा एक मॅनेजर” म्हटलं की पोरं उठून पळायची. घाई सगळ्यांत आधी.

“मावशी, तो दोन डाव्या बाह्यांचा कोट सांग ना.”

“कुणाचा कोट?”

“मॅनेजरचा. बँकेतला.”

मावशीनं प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर रेघा उमटल्या, विरल्या. “दोन डाव्या बाह्या?” तिनं विचारलं. मग ती हसली, आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. “अगबाई! मग त्यानं काय केलं?”

कॅमेऱ्याच्या भिंगातून घाईला मावशीचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. तिनं बटण दाबलं नाही.

निघताना, दार ओढून घेता घेता, तिनं विचारलं, “आईवर अजून राग आहे तुझा?”

“नाही ग,” मावशी म्हणाली. “कशाचा होता, तेही आठवत नाहीये आता. हलकं वाटतंय मला. तू आल्यापासून.”

४

रस्त्यावर येऊन घाईनं आत्याला फोन लावला.

“आत्या, दिवे गेले होते तेव्हा बाळंतपण कसं केलंस ग?”

“कसले दिवे?” आत्या म्हणाली. “कुणाचं बाळंतपण?” आणि लगेच काळजीच्या सुरात, “तुला बरं नाहीये का? परवा तर इतकी शांत होतीस.”

समोरून वाहनं जात होती. फळवाल्यानं पाणी मारून गाडी धुवायला घेतली होती. ऊन होतं. भर दुपारी, भर बाजारात, माणसानं घाबरावं असं तिथं काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर घाईला अजून भीती वाटतच नव्हती. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. आपली माणसं, आपली कल्पना, आपलं तोंड घेऊन कुणीतरी आधी जाऊन बसतं काय, आणि ह्या बायाही जे आपल्याला जन्मात सांगितलं नाही ते घडाघडा ओकतात काय! आणि वर आपल्यालाच म्हणतात, परत आलीस?

मग तिला आठवलं की तिघींतली तिसरी आई आहे.

आईकडे ती परवा जाणार होती. आईचं सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं, कारण आई सगळ्यांत अवघड. तिनं फोन लावला. बराच वेळ वाजला.

“कोण?” आई म्हणाली.

“आई, मी.”

“मी कोण?”

“घाई! आणखी कोण?”

 आईनं फोन ठेवला नव्हता. खोलीचा आवाज येत होता, पंख्याची ती ओळखीची कुरकुर. मग आईनं तोंडापासून फोन लांब धरल्यासारखा तिचा आवाज बारीक झाला. ती दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती, हळू, थोडी गंमत वाटल्यासारखी.

“कुणीतरी तुझं नाव सांगतंय ग.”

आणि फोन ठेवला गेला.

५

रिक्षा करून, सिग्नलला उतरून, पुढचं अंतर पळत घाई आईच्या इमारतीत पोचली. लिफ्ट वर कुठंतरी अडकली होती. जिना चढताना बॅग बरगड्यांवर आपटत होती. वरच्या मजल्यावर आली तेव्हा तिच्या कानात स्वतःचंच रक्त वाजत होतं, आणि त्यातूनही तिला आईचं हसणं ऐकू आलं.

ती थबकली. आई हसते हे तिला माहीत होतं. अशी हसते हे माहीत नव्हतं. वय नसलेलं, मोकळं हसणं.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागात धुरकट काच होती. पलीकडे उजेड होता आणि उजेडात दोन आकार. एक खुर्चीत. दुसरा अगदी समोर, बुटक्या जागी, पुढे वाकलेला.

“...म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं, जायचंच,” आई सांगत होती. “कुणाला न सांगता. मी आणि ताई. दोघींत मिळून एकच सूटकेस. स्टेशनवर बाकावर बसलो. मी नुसती थरथरत होते, थंडी नव्हती तरी. ताई म्हणाली, तू सामानाजवळ बस, मी तिकिटं घेऊन येते.”

समोरचा आकार हलला नाही. ‘मग?’ म्हणाला नाही. नुसता ऐकत होता. कुणी इतकं ऐकू शकतं, हे घाईला काचेआडूनसुद्धा कळत होतं. मधूनच टिक असा आवाज येई. कॅमेऱ्याचा असावा. कॅमेरा कुणी धरलेला दिसत नव्हता.

“रांग मोठी होती. गाडी लागली, लोक चढायला लागले. मला वाटलं, येत नाही ही. आणि आली. हातात एकच तिकीट. मी म्हटलं, ताई, दुसरं कुठाय? तर माझ्याकडे बघितलं तिनं. आणि काय म्हणाली माहितीये...”

इथं घाईनं थांबायला हवं होतं. उभ्या जन्मात तिला हवं होतं ते एक वाक्य आता येणार होतं, एका श्वासाच्या अंतरावर होतं. पण ती आपली आई होती, आणि ते आपल्याला सांगायचं होतं. तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं.

आतलं बोलणं तुटलं.

खुर्चीतला आकार उठला आणि दाराकडे येऊ लागला, आईच्या त्या जरा लंगड्या चालीनं. त्याच्यामागे दुसराही उठला. सावकाश. खाली ठेवलेलं काही उचलायला वाकला, आणि वाकताना त्यानं डावा हात कमरेवर मागे ठेवला, अंगठा पुढे, बोटं पाठीला. वर्षानुवर्षं कॅमेऱ्यामागे वाकून घाईची पाठ गेली होती. ती अशीच वाकायची. तशीच. स्टुडिओतल्या आरशात रोज दिसायचं.

मग आई काचेसमोर आली आणि मागचं काही दिसेना.

६

“अगं, हो हो! दार तोडशील,” आई म्हणाली. “काय विसरलीस?”

घाई तिला बाजूला सारून आत गेली. बाहेरची खोली. आतली खोली. स्वयंपाकघर, तिथली जाळी लावलेली खिडकी. न्हाणीघर. कपाटसुद्धा उघडून पाहिलं. घराला दुसरं दार नव्हतं. पंखा कुरकुरत होता. खिडकीपाशी आईची खुर्ची, समोर स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल. घाईनं त्यावर हात ठेवला. ते गरम होतं.

“कोण होतं इथं?”

“कधी?”

“आत्ता, आई! आत्ता! माझ्या फोनच्या वेळी!”

“तूच होतीस की,” आई म्हणाली, आणि मग तिच्याकडे नीट बघत, “तू बदलून आलीस का? मघाशी जरा... बरी दिसत होतीस.”

घाई स्टुलावर बसली.  आईही खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून, आणि दोघींचे गुडघे एकमेकींना टेकले. इतक्या जवळ त्या किती वर्षांत बसल्या नव्हत्या.

“आई,” ती म्हणाली, “स्टेशनवर मावशी काय म्हणाली?”

“कुठलं स्टेशन?”

घाईनं डोळे मिटले. मग उघडले. आणि जन्मात पहिल्यांदा, घाई न करता, तिनं सांगायला सुरुवात केली. दोन बहिणी होत्या. कुणाला न सांगता निघाल्या. दोघींत एक सूटकेस. धाकटी बाकावर बसून थरथरत होती, थंडी नव्हती तरी. मोठी तिकिटं आणायला गेली. गाडी लागली. लोक चढायला लागले. मोठी आली तेव्हा तिच्या हातात एकच तिकीट होतं.

आई ऐकत होती. लहान मुलं ऐकतात तशी, तोंड थोडं उघडं ठेवून. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते तिच्या गावीही नव्हतं.

“मग?” आई म्हणाली. “काय म्हणाली ती?”

“ते तुला माहितीये, आई. तेवढं नाही सांगितलंस तू अजून. आठव.”

आईनं आठवलं. घाईला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, काहीतरी वर येत होतं, ओठांपर्यंत येत होतं. ओठ हललेसुद्धा. आणि मग कशालाच न चिकटलेलं ते परत खाली गेलं.

“छे,” आई वैतागून म्हणाली. “काहीतरी आहे इथं, पण कुणाचं ते कळत नाही. तुझ्यासमोर नाही सुचत मला. तिच्यासमोर सुचतं.”

“कुणासमोर?”

 आईनं डोळे पुसले, ओल्या बोटांकडे नवल वाटून पाहिलं आणि उठली. दाराशी गेली, कडी काढली आणि दार सताड उघडं टाकलं. परत येऊन खुर्चीत बसली, केस सारखे केले, हनुवटी जरा खाली घेतली आणि दाराकडे तोंड करून वाट बघू लागली.

घाईनं उठून दार लावायला हवं होतं. कडी लावून, खुर्ची टेकवून, आईला घट्ट धरून बसायला हवं होतं. ते एक वाक्य गेलं की काय काय जाईल हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. मावशीचं तर आधीच गेलं होतं. ते आता जगात फक्त इथं, ह्या एका म्हातारीच्या घशात अडकलेलं होतं, आणि ते ऐकायला मिळायची हीच एक संधी होती.

ती उठली नाही. स्टूल तेवढं तिनं भिंतीकडे ओढून घेतलं. समोरची जागा रिकामी झाली.

खाली जिन्यावर पाऊल वाजलं. मग दुसरं. वर येणारं माणूस दमानं येत होतं.

“आई,” घाई कुजबुजली.

आईनं तिच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

“गप्प बस जरा,” ती म्हणाली. “ह्या वेळी मधे बोलू नकोस.”